दिवा आई की बाबा?

मोबाइल घरीच ठेवा. जिथे चाललो आहोत तिथे त्याचा उपयोग शून्य. टचस्क्रीनवर बोट फिरवताना कुणी पाहिलंच, तर उगाच चौकशा होतील. त्यापेक्षा दोन स्वेटर घाला, वर जाड कोट चढवा आणि कानटोपी ओढून घ्या. साल 2005, डिसेंबरमधला ख्रिसमसच्या आधीचा शुक्रवार, दुपारचे साडेतीन. तुम्ही न्यूयॉर्कमध्ये, भुयारी रेल्वेच्या ‘ई’ गाडीत, दांडीला लटकून उभे आहात.

डब्यात पाय ठेवायला जागा नाही, तरी सगळे खुशीत दिसतात. याच आठवड्यात तीन दिवस संप होता. रेल्वे बंद, बसही बंद. लोक गारठलेल्या वाऱ्यात ब्रुकलिनचा पूल चालत ओलांडून कामाला जात होते. गाड्या पुन्हा धावायला लागल्या त्या नुकत्याच. शेजारच्या बाईंच्या अंगावर ऑफिसचा झुळझुळीत पोशाख आहे, पण पायात अजून पळायचे बूट. भरवसा नाही, दुसरं काय!

‘फिफ्थ अव्हेन्यू, 53 वा रस्ता’ आलं. उतरा. ब्रेकच्या करपट लोखंडी वासातून लांबलचक सरकत्या जिन्यानं वर या. वरच्या पायरीवर थंडी सरळ नाकात घुसते, डोळ्यांत पाणी येतं. कोपऱ्यावरच्या गाडीवर साखरेत परतलेल्या शेंगदाण्यांचा घमघमाट सुटलाय. एक पुडी घ्या. खाण्यापेक्षा बोटं शेकायला तिचा जास्त उपयोग आहे.

आता रांग. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे इथल्या बोलीत ‘मोमा’. एरवी तिकीट वीस डॉलर, शुक्रवारी चार ते आठ फुकट. ही शक्कल आपल्यालाच सुचली असं वाटत असेल, तर मागे वळून बघा. काळे कोट घातलेले कलाशाळेचे विद्यार्थी, बापाच्या खांद्यावर बसून बझ लाइटइयर नाचवणारी पोरं, मफलरमध्ये बुडालेले आजी-आजोबा. पाठीमागून चक्क मराठी ऐकू येतं. न्यू जर्सीहून आलेलं कुटुंब असावं.

‘‘बाबा, पिक्सार म्हणजे कंप्युटर ना? मग म्युझियममध्ये कशाला?’’

‘‘चल पुढे, रांग सरकली.’’

प्रश्न चोख आहे, उत्तर बापाकडे नाही. आत जाऊन बघू.

दार ढकललं की उकाडा. बाहेर कान सुन्न, आत दोन स्वेटरांखाली घामाच्या धारा. कोट ठेवायच्या खिडकीपाशी ओल्या लोकरीचा दर्प दाटलेला. वरच्या मजल्यावर व्हॅन गॉगची ‘तारांकित रात्र’ टांगलेली आहे, पण आजची पोरं तिच्या वाटेलाही जायची नाहीत. त्यांना पिक्सारच्या सिनेमांतला केसाळ राक्षस सली आणि मासा नीमो बघायचेत.

पहिला धक्का इथेच बसतो. पिक्सार या कंप्युटर-ॲनिमेशनच्या स्टुडिओची वीस वर्षं साजरी होताहेत, पाचशेहून जास्त वस्तू मांडल्या आहेत, आणि बघावं तिकडे कागद! पेन्सिलीची रेखाटनं, खोडून पुन्हा काढलेल्या रेघा, रंगीत खडूची चित्रं. जरा जवळ जा, पण पहारेकरी खाकरेल इतकं नको. राल्फ एगल्स्टननं ‘टॉय स्टोरी’साठी खडूनं केलेली कलरस्क्रिप्ट बघा. संपूर्ण सिनेमा पट्टीपट्टीनं फक्त रंगात उलगडलेला. माणसं ओळखू येत नाहीत, पण प्रसंग आनंदाचा की भीतीचा, ते लांबूनही कळतं. पडद्यावरचा उजेड कसा असेल, हे एका माणसानं खडूची भुकटी बोटानं पसरून आधी ठरवलं आणि यंत्रं त्यामागून आली.

पलीकडे शिल्पं. आधी मातीत घडवून मग साच्यात ओतलेली पात्रं. एक चिमुरडी हात पुढे करते, आई तो मागे ओढते, चिमुरडी भोकाड पसरते. या माणसांनी पात्रं किती वेळा मोडली याला हिशेब नाही. ‘टॉय स्टोरी’तला आपला भला वुडी सुरुवातीला शब्दभ्रमकाराचा बाहुला होता, पाध्यांच्या अर्धवटरावांचा जातभाई. स्वभावानंही पुष्कळ तिरसट. तो आवडेना, तेव्हा पुन्हा कागदावर आणला गेला.

गर्दी घट्ट झाली, किंकाळ्या ऐकू येताहेत, म्हणजे झोइट्रोप आला. धक्के खात पुढे सरका. मोठं गोल चक्र, त्यावर ‘टॉय स्टोरी’च्या पात्रांच्या मूर्तींची वर्तुळं. प्रत्येक मूर्ती आधीच्या मूर्तीपेक्षा किंचित वेगळी. चक्र फिरू लागतं आणि सगळ्याचा रंगीत चिखल होतो. मग दिवे जातात, भराभर चमकणारा उजेड सुरू होतो आणि समोर वुडी घोड्यावरून दौडतोय! जेसीचा दोर गरगरतोय, बझ चेंडूवर तोल सांभाळतोय. तुमच्या बाजूचे टाय लावलेले गृहस्थ तोंड उघडं टाकून बघताहेत. इथे पडदा नाही, फिल्मही नाही. मूर्ती, उजेड आणि आपला भाबडा डोळा, एवढंच भांडवल. कल्पना जपानमधल्या मिताकाच्या जिब्ली म्युझियममधल्या झोइट्रोपवरून घेतलेली, आणि ती युक्ती त्याहून कितीतरी जुनी. दिवे लागतात, पुन्हा चिखल होतो, आणि पोरं ‘अगेन, अगेन’ ओरडतात. खरं सांगायचं तर थोरही.

एक तक्रार मात्र करतोच. यंत्राला इथे भिंतीआड ठेवलंय, ही थोडी लबाडी आहे. जणू कंप्युटर दिसला तर कला विटाळेल! ‘टॉय स्टोरी’ची चित्रं घडवायला 117 कंप्युटर रात्रंदिवस राबले. त्या काळी कंप्युटरनं काहीही काढलं तरी ते प्लास्टिकसारखंच दिसायचं. मग या लोकांनी गोष्टच प्लास्टिकच्या खेळण्यांची निवडली. पुढे सलीच्या अंगावर सुमारे 23 लाख केस आले, आणि तो पळाला की वाऱ्यानं हलू लागले. हे गणित करणाऱ्यांनाही या भिंतींवर हातभर जागा द्यायला हवी होती.

चला, खाली. म्युझियमचं चित्रपटगृह तळघरात आहे. इथे 1935 पासून चित्रपट जमवले जातात, त्यामुळे पिक्सारच्या सिनेमांना इथे जागा मिळणं ही मोठीच गोष्ट. प्रदर्शनासोबत इथे दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांत ‘टॉय स्टोरी’पासून ‘द इन्क्रेडिबल्स’पर्यंतचे सहाही मोठे चित्रपट आहेत. आपल्या सोयीसाठी आज लघुपटांचा खेळ आहे असं धरू. खुर्चीत बसा. पुढच्या रांगेतला पोरगा उभा राहतो, बसतो, पुन्हा उभा राहतो. अंधार.

पडद्यावर टेबलावरचा मोठा दिवा आणि त्याचं पिल्लू. ‘लक्सो ज्युनिअर’, जेमतेम दोन मिनिटांचा. छोटा दिवा चेंडूवर उड्या मारतो, चेंडूतली हवा जाते, दिवा मान खाली घालतो. सबंध चित्रपटगृह ‘आऽऽ’ करतं. त्या दिव्याला ना डोळे, ना तोंड.

खुर्चीचे हात घट्ट धरा, आता आणखी मागे जातोय. ऑगस्ट 1986, डॅलस. टेक्सासच्या उन्हानं डांबर मऊ झालंय, कॉलर मानेला चिकटलीय. परिषदेच्या दालनात हजारो माणसं, बहुतेक सगळी कंप्युटर-ग्राफिक्सची. पिक्सार नावाची कंपनी काही महिन्यांची, धंदा कंप्युटर विकण्याचा. ही फिल्म केलीय ती, हलत्या दिव्याच्या सावल्या आम्हाला किती छान जमतात, हे दाखवायला. फिल्म संपायच्या आतच माणसं उभी राहून टाळ्या पिटू लागतात. तुम्हीही उठा, नाहीतर काहीच दिसायचं नाही. मग जिम ब्लिन हा या विषयातला मोठा माणूस दिग्दर्शक जॉन लॅसेटरकडे येतो. लॅसेटरच्या पोटात गोळा: हा आता सावल्यांचं गणित विचारणार. ब्लिन विचारतो, तो मोठा दिवा आई होता की बाबा?

बस. रांगेतल्या पोराला द्यायचं उत्तर हेच. एवढ्या जाणत्या माणसाला सावलीचं गणित सोडून दिव्याचं नातं विचारावंसं वाटलं, म्हणून हा स्टुडिओ म्युझियममध्ये आहे.

परत मोमात या. दिवे लागलेत, पोरं ‘टिन टॉय’मधल्या लाळ गाळणाऱ्या बाळाची नक्कल करताहेत. 1988 च्या त्या बाळाचा चेहरा खरंतर भीतिदायक आहे, तरी कंप्युटरवर केलेल्या लघुपटाला पहिलं ऑस्कर मिळालं ते यालाच. आणि हो, कुणाला सांगू नका, पण साधारण महिन्याभरात, हे प्रदर्शन चालू असतानाच, डिस्नी पिक्सारला 740 कोटी डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर करणार आहे. इथल्या कुणालाही त्याचा पत्ता नाही, आणि तुम्ही बोललात तरी कानटोपीतल्या परदेशी पाहुण्यावर कोण विश्वास ठेवणार?

प्रदर्शन 6 फेब्रुवारी 2006 पर्यंतच आहे. पुन्हा यायचं असेल तर त्याआधीचा एखादा शुक्रवार गाठा आणि चारच्या आधी रांगेत उभे राहा. वीस डॉलर वाचतील.