'अपघात' या शब्दाशी झालेला लढा : नेदरलँड्सच्या सायकलमार्गांचा इतिहास

१/ नेदरलँड्सची भूमी सपाट, म्हणून तिथे सायकली अधिक आणि म्हणूनच तिथे सायकलस्वार सुरक्षित, असे सर्रास मानले जाते. भूमी तर १९७१ सालीही तितकीच सपाट होती. त्या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक लहान मुले होती. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे १.३ कोटी होती.

२/ सायकल तिथे जुनीच. १८८३ साली स्थापन झालेली 'एएनडब्ल्यूबी' ही मूळची सायकलस्वारांची संघटना. पुढे ती मोटारचालकांची म्हणून ओळखली जाऊ लागली. १९२४ मध्ये सायकलींवर कर बसला. तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला बाळगावा लागे. पुढे या कराचे उत्पन्न रस्तेनिधीकडे वळवण्यात आले. १९४१ मध्ये, जर्मन अंमलाखाली, हा कर रद्द झाला.

३/ म्हणजे ज्या रस्त्यांच्या कडेला सायकलस्वार पुढे ढकलले गेले, त्यांच्या बांधणीत त्यांचाही पैसा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात समृद्धी आली आणि तिच्या पाठोपाठ मोटार आली. जुने चौक वाहनतळ झाले, अरुंद गल्ल्या गाड्यांनी भरल्या. सायकल ही मागे पडणारी वस्तू आहे, असे नगरनियोजकांनी गृहीत धरले.

४/ १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी नियोजकाने अ‍ॅमस्टरडॅमसाठी एक आराखडा मांडला. शहराच्या मध्यभागापर्यंत महामार्ग आणण्यासाठी एक कालवा बुजवावा आणि दाट वस्तीची घरे पाडावीत, असे त्यात सुचवले होते. आराखडा अमलात आला नाही. पण त्या काळच्या प्रगतीच्या कल्पनेत पादचारी आणि सायकलस्वार कुठे बसत होते, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

५/ त्याआधी, १९६५ मध्ये, 'प्रोव्हो' या बंडखोर तरुणांच्या गटाने सर्वांना मोफत वापरता येतील अशा पांढऱ्या सायकली रस्त्यावर ठेवल्या होत्या. कुलूप नसलेल्या सायकली ठेवणे बेकायदा असल्याचे सांगून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कल्पना गाजली, रस्ते मात्र होते तसेच राहिले.

६/ १९७१ मध्ये विक लांगेनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली सापडून गेली. पुढच्या वर्षी त्यांनी 'दे टेइट' या दैनिकात एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते 'स्टॉप दे किंडरमोर्ट', म्हणजेच 'बालहत्या थांबवा'. याच नावाने चळवळ उभी राहिली.

७/ शीर्षकातील शब्दाची निवड निर्णायक ठरली. 'अपघात' म्हटले की दोष दैवाकडे किंवा एखाद्या बेसावध चालकाकडे जातो आणि हळहळ व्यक्त करून विषय संपतो. 'हत्या' म्हटले की ती कुणी होऊ दिली, असा प्रश्न उभा राहतो. दरवर्षी शेकडो मुले त्याच तऱ्हेने मरत असतील, तर कारण रस्त्याच्या रचनेत आहे आणि रचना बदलता येते, ही भूमिका त्या एका शब्दात सामावली होती.

८/ चळवळीच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये फान पुटेन पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. कार्यकर्त्यांनी रहदारीचे रस्ते अडवले, मुलांसाठी ते खेळाचे मैदान केले. सायकलींवरून पंतप्रधान योप देन आउल यांच्या घरी जाऊन त्यांनी गाणी म्हणत सुरक्षित रस्ते मागितले. अ‍ॅमस्टरडॅमच्या दे पाइप या दाट वस्तीत तर मुलांनीच सह्या गोळा करून आपली गल्ली गाड्यांसाठी बंद करायला लावली.

९/ १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलपुरवठा रोखला. ४ नोव्हेंबरपासून जानेवारी १९७४ पर्यंत रविवारी खासगी मोटारींना बंदी होती. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. मोटारीविना रस्ता कसा दिसतो, याचा अनुभव साऱ्या देशाने एकदमच घेतला. १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

१०/ मग सरकारी प्रयोग सुरू झाले. टिलबर्ग आणि हेग येथे मोटारींपासून वेगळे, सलग, नमुनेदार सायकलमार्ग बांधले गेले. त्यांवर गर्दी वाढली, पण शहरभरचे प्रमाण फारसे हलले नाही. एकुलता एक चांगला मार्ग पुरत नाही, हा त्यातला धडा. म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहराने घरापासून शाळा-बाजारापर्यंत जोडलेले जाळेच उभारले.

११/ डेल्फ्टनेच आणखी एक कल्पना दिली होती : 'वोनेर्फ', अर्थात घरांपुढचे सामाईक अंगण. वळणे, झाडे आणि अडथळे यांमुळे गाडीला माणसाच्या चालीनेच जावे लागे. १९७६ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९९० च्या दशकात 'शाश्वत सुरक्षितता' हे राष्ट्रीय धोरण आले. माणूस चुकणारच, त्या चुकीची किंमत जीव असू नये, हे त्याचे सूत्र. वेग जास्त तिथे सायकलला स्वतंत्र मार्ग. सायकल आणि मोटार एकत्र तिथे ताशी ३० किमीची मर्यादा.

१२/ कायदाही त्याच दिशेने गेला. मोटारीच्या धडकेत चौदा वर्षांखालील पायी चालणारे किंवा सायकलवरचे मूल जखमी झाले, तर त्याची स्वतःची चूक असली तरी जवळजवळ प्रत्येक प्रसंगी नुकसानभरपाईचा संपूर्ण भार मोटारीच्या बाजूने सोसावा लागतो.

१३/ २०१० मध्ये रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या ६४० वर आली होती, आणि तीही मोटारींची संख्या कितीतरी वाढलेली असताना. पण लढा संपलेला नाही. २०२२ मध्ये ७४५ जण दगावले, त्यांत सुमारे २९० सायकलस्वार. त्यांत वृद्धांचा वाटा मोठा आहे आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींमुळे नवे प्रश्न उभे राहिले आहेत.

१४/ आज जगभरातून अभ्यासक हे सायकलमार्ग पाहायला येतात. लाल डांबर, उंच कडा, वेगळे सिग्नल यांची छायाचित्रे घेऊन परततात. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट मात्र याहून जुनी आहे. दुःखात बुडालेल्या पालकांनी सांत्वन घेऊन गप्प बसायचे नाकारले आणि मुलांच्या मृत्यूचा हिशेब सार्वजनिकपणे मागितला. रस्ते त्यानंतर बदलले.