फरश्यांचा किल्ला

गडमुडशिंगीच्या शेजारी, कोल्हापुरात, बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. रंगवलेल्या पडद्यावर किल्ला उभा करायचा तर प्रत्येक वीट हाताने काढावी लागते. संगणकाला हे परवडत नसे, कारण मेमरी महाग होती.

‘विलो’ या १९८८ च्या अद्भुतरम्य अमेरिकी चित्रपटावरून जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ साली नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम काढला. त्यात नायक उड्या मारीत, शत्रूंशी लढत पुढे जातो. पडद्यावर आडवे ३८४ व उभे २२४, म्हणजे ८६,०१६ बिंदू होते. प्रत्येक बिंदूचा रंग वेगळा साठवण्याऐवजी यंत्र पार्श्वभूमीवर तयार फरश्या मांडी. १६ × १६ बिंदूंची एक फरशी धरली, तर २४ × १४, म्हणजे अवघ्या ३३६ फरश्यांत पडदा भरतो. विटेचे चित्र एकदाच साठवायचे. ती कोठे बसवायची, एवढेच आकड्यांत लिहून ठेवायचे.

आपणही वर्गात आलेखकागदावर असा किल्ला बांधू या. वेगवेगळ्या फरश्या किती लागल्या, ते मुलांनाच मोजू द्यावे. अडचणीतून युक्ती कशी सुचते, हे त्यांना सांगावे लागणार नाही.