वाटेवरचा इतिहास

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले म्हणजे वाटेत शेंद्रा नावाचे गाव लागते. चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरली की साऱ्या मराठवाड्यातून माणसे येथे लोटतात. एरवी अलीकडे ह्या गावाचे नाव निघते ते औद्योगिक वसाहतीमुळे. पण गावाच्या नावापुढे ‘कमंगर’ असा आणखी एक शब्द आहे, तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. हा शब्द फारसी. त्याचा अर्थ धनुष्य करणारा. कुठल्या कुठे इराणची भाषा, आणि कुठे आपले शेंद्रा! शब्दसुद्धा पायी चालत येतात, वाटेवरून येतात. आज मला ह्या वाटेबद्दलच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची मंडळी भाड्याची जीप करून दोन दिवसांच्या सहलीस निघालो. माझी आई, आम्ही उभयता, दोन मुले आणि धाकटा भाऊ. पाणचक्की, मकबरा, देवगिरी, वेरूळ, आणि दुसऱ्या दिवशी कन्नडजवळचे गौताळ्याचे अभयारण्य, असा बेत होता. गाडी फाट्यावरून वळते न वळते तोच धाकट्याने विचारले, “बाबा, आलं का?” पुढे दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न. आई हसून म्हणाली, “अरे लेकरा, मी लग्नानंतरच्या साली वेरूळला गेले ना, तर बैलगाडीला दोन दिवस लागले. एक मुक्काम वाटेत. आम्ही कुणी विचारलं नाही आलं का म्हणून. वाट सरत होती, तेच पुष्कळ होतं.”

शेंद्र्याहून वेरूळ पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. दोन दिवसांची वाट आता दीड तासाची झाली. ही सोय मोठीच. पण ह्या सोयीत एक गोष्ट हातची निसटली. आपण आता स्थळे पाहतो, वाट पाहत नाही. आणि गंमत अशी, की आपल्या मुलखातली बहुतेक स्थळे वाटेमुळेच उभी राहिली आहेत.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक पुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ती ओळखली जाते. तीत आपल्या पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवस चालले म्हणजे पैठण, आणि तेथून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. हा माल गाड्यांतून, अवघड वाटांनी बंदरावर जाई. पैठणहून भडोचकडे जावयाचे तर सातमाळ्याचे डोंगर उतरून खानदेशात शिरावे लागते. म्हणजे कन्नडचा घाट उतरणारी आजची मोटार आणि सातवाहनांच्या काळातली बैलगाडी, दोघींपुढचा डोंगर एकच!

आता शहरात या. इ. स. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर ह्याने खडकी गावी आपले ठाणे वसविले. हा मनुष्य मूळचा हबसाणातला. गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनेत आलेला. त्याने शहर वसविताना पाण्याची चिंता आधी वाहिली. डोंगरातले झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात खेळविले. पुढे ह्याच शहराला औरंगाबाद हे नाव पडले. पाणचक्कीचे पाणीही असेच, कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे, आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांना व यात्रेकरूंना पीठ मिळे. तेव्हा पाणचक्की ही निव्वळ शोभेची वस्तू नव्हे. वाटसरूची भूक भागविण्याची ती व्यवस्था होती.

बीबी का मकबरा पाहून माझी मुलगी म्हणाली, “हा ताजमहालासारखाच आहे, पण सगळा संगमरवर नाही.” तिचे म्हणणे बरोबर होते. १६५७ मध्ये वारलेल्या दिलरास बानूची ही कबर. मी तिला विचारले, “अगं, पण आहे तो संगमरवर इथवर आला कसा?” सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या ताव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने वाटेत संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या. त्यांतल्या लहानांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी चिखलात रुतलेली गाडी खांदा देऊन काढली असेल, त्यांना ह्या एका आकड्यावरून मकबऱ्याची खरी किंमत कळेल.

दौलताबादेस जुन्या तटाच्या दरवाजातून गाडी आत शिरते. रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. यादवांची ही देवगिरी. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी येथे आणली. त्या स्थलांतरात लोकांचे जे हाल झाले ते शाळेच्या पुस्तकात आपण वाचतोच. पण मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता त्याच रस्त्याविषयी आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट, आणि तिच्या दुतर्फा झाडे अशी, की बागेतून चालल्यासारखे वाटावे. लहरी म्हणून ज्याची ख्याती, त्या सुलतानाच्या रस्त्यावर वाटसरूच्या डोक्यावर सावली होती. आपण रस्ते रुंद केले, आणि कित्येक ठिकाणी जुनी झाडे गेली. गाडी थंड हवेची असली म्हणजे सावलीची आठवण होत नाही. पायी चालणाऱ्याला मात्र ती रोज होते.

खुलताबादेस क्षणभर थांबून, खाजा घेऊन आम्ही वेरूळला पोचलो. आईला आधी घृष्णेश्वराचे दर्शन हवे होते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले हे देऊळ. तेथून लेणी अगदी जवळ. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात कोरले गेले. आधी शिखर, मग खांब, मग जोते, असे वरून खाली! मी मुलांना हे समजावून सांगत होतो. आई प्रांगणातल्या दगडी हत्तीपाशी उभी राहिली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी घृष्णेश्वराला तीनदा आले रे. इतक्या जवळ होते. पण इकडे कुणी आणलंच नाही. बायांनी दर्शन घ्यायचं, चूल मांडायची, भाकरी करायची, अन् गाडीत बसायचं.”

श्रोतेहो, मी इतिहास शिकवितो. कैलासावर मी विद्यार्थ्यांना कितीदा व्याख्याने दिली असतील. पण घरच्या माणसाला ते दाखवावयास एवढी वर्षे लागली, ह्याची मला त्या दिवशी लाज वाटली. आईच्या वेळची वाट दोन दिवसांची होती आणि तिचे पाहणे अर्ध्या दिवसाचेही नव्हते. आमची वाट दीड तासाची. मग उरलेला वेळ आपण कुणाला देतो?

दुसऱ्या दिवशी गौताळा. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. बिबट्या, अस्वल तेथे आहेत. आम्हांस दिसले मोर आणि वानरे. ह्याच डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तेथील एका खांबावर पैठणच्या मितदेवाचे नाव कोरले आहे. हा गंधिक कुळातला, म्हणजे अत्तर-सुगंधाचा धंदा करणाऱ्या घराण्यातला. व्यापाऱ्यांच्या वाटेजवळच्या लेण्यात त्याने हे दान दिले. त्याने आपले नाव कोरले ते खांब दिल्यावर. आजकाल कोळसा नि खिळा घेऊन भिंतीवर नावे कोरणाऱ्यांनी काय दिलेले असते?

घाटात एक मोटार थांबवून काही मंडळी वानरांना बिस्किटे टाकीत होती. मुलांनीही हट्ट धरला. मी नको म्हणालो. खाण्याच्या आशेने जनावर रस्त्यावर येते आणि पुढच्या चाकाखाली सापडते. ही वाट त्यांचीही आहे. समृद्धी महामार्ग बांधताना काही ठिकाणी जनावरांसाठी रस्त्यावरून पूल केले गेले, हे त्याचेच भान.

शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी एक सूचना आहे. सहलीच्या आधी मुलांकडून वाटेचा नकाशा काढवून घ्या. नदी कुठे ओलांडतो, घाट कुठे लागतो, पाणी कुठून येते, एवढे तरी त्यात असू द्या. आणि घरून निघणाऱ्यांनो, गाडीत एक जागा म्हाताऱ्या माणसासाठी ठेवा. परत येताना आमचा धाकटा “आलं का” म्हणून विचारीत नव्हता. तो आजीला विचारीत होता, “तुमची गाडी रात्री कुठं सोडली होती?” शहराच्या अलीकडे एका जागी आईने बोट दाखविले. तेथे आता इमारती आहेत. तरी आम्ही गाडी थांबविली आणि खाली उतरलो.