बोअरचं कूळ

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मराठी घरात कुणी ‘आज बोअरचं काम आहे’ म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: अंगणातली बोअर की गाडीचा? जमिनीत पाण्यासाठी पाडलेलं भोक आणि इंजिनाच्या ब्लॉकमधलं पिस्टनचं भोक, दोन्हींना शब्द एकच. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ कोरून भोक पाडणे. पण ब्लॉकच्या बाबतीत भोक पाडणं ही गोष्ट सोपीच होती. ते शेवटपर्यंत गोल आणि सरळ ठेवणं माणसाला फार उशिरा जमलं.

आधी तोफ घ्या. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 साली अहमदनगरला रूमी खानाने ओतली. वजन सुमारे 55 टन. त्या काळी तोफ पोकळच ओतत. साच्यात मधोमध मातीचा गाभा उभा करायचा आणि भोवती वितळलेला धातू सोडायचा. गाभा जरा कलला की नळीही वाकडी. पुढे अठराव्या शतकात युरोपात भरीव तोफ ओतून मग ती आतून कोरायची पद्धत रुळली.

त्याच काळात जेम्स वॅट वाफेच्या इंजिनाशी झगडत होता. त्याची कल्पना पक्की होती, सिलिंडर मात्र दगा देत होतं. पिस्टन आणि भिंतीमधल्या फटीतून वाफ निसटे. फट बुजवायला त्याने तेलात भिजवलेल्या चिंध्या वापरल्या, बूच वापरलं, जुन्या टोप्यांचा नमदाही कोंबून पाहिला. दोष कोरण्याच्या यंत्रात होता. त्याचा दांडा एकाच टोकाला धरलेला असे. पातं आत गेलं की स्वतःच्याच भाराने लवे आणि ओतकामातली वळणं तशीच गिरवत पुढे सरके. जॉन विल्किन्सनने 1774 साली तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1775च्या सुमारास खास सिलिंडरसाठी वेगळं यंत्र उभं केलं. त्याची युक्ती अशी, की दांडा सिलिंडरच्या आरपार काढायचा, दोन्ही टोकांना आधार द्यायचा आणि पातं त्या दांड्यावर पुढे सरकवायचं. 50 इंची सिलिंडरमध्येही चूक जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढी उरली नाही. वॅटचं इंजिन चाललं ते या दांड्याच्या जोरावर.

आपल्याकडे हे कूळ लेथ आणि ऑइल इंजिनाच्या वाटेने रुजलं. किर्लोस्करवाडी 1910ची, साताऱ्याचं कूपर 1922चं, लेथ करणारं हरिहरचं मैसूर किर्लोस्कर 1941चं आणि खडकीचं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946चं. विहिरीवर इंजिन आलं, त्याच्या मागोमाग ते खोलून पुन्हा बांधणारा मिस्त्रीही आला. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वस्त्या अशाच कामांवर उभ्या राहिल्या.

गाडी निळा धूर सोडू लागली, ऑइल खाऊ लागली, की मिस्त्री हेड काढतो आणि आत बोट फिरवतो. वरच्या काठाखाली नखाला एक कड लागते. पिस्टन वर पोचून क्षणभर थबकतो तिथेच ताप सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ, म्हणून रिंग तिथे भिंत खाते. त्यात कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन एका बाजूला रेलतो आणि गोल भोक लंबगोल होतं. मग डायल गेज वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं फिरवून माप घेतात.

झिजलेली भिंत भरून काढता येत नाही. म्हणून उलटा उपाय: भोक आणखी मोठं करायचं, पण पुन्हा गोल. ओव्हरसाइझ पिस्टन साधारण पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. म्हणजे एका पायरीला भिंत प्रत्येक बाजूने 0.125 मिमी जाते. जाणता कारागीर आधी पिस्टन मागतो, मग मशीन लावतो. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. शेवटी होनिंगचे दगड फिरवून भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उठवतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत राहिली तर तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

‘बोअर मारला की गाडीची ताकद वाढते’ हा समज मात्र मापात पाहावा. 97.2 सीसीच्या, 50 मिमी बोअरच्या मोटारसायकलला शंभरचा, म्हणजे एक मिमी मोठा पिस्टन टाकला, तरी ती 101 सीसीची होते. ताकद परत येते ती गळणारं कॉम्प्रेशन थांबल्यामुळे.

चारही पायऱ्या संपल्या की भिंतीत कोरायला काही उरत नाही. मग भोक मुद्दाम चांगलंच मोठं करून त्यात नवी नळी ठोकतात, तिला लायनर म्हणतात. ती आतून पुन्हा मूळ मापाला कोरली की ब्लॉक ‘स्टँडर्डवर’ येतो.

ही युक्ती मात्र तोफेची नाही, बैलगाडीच्या चाकाची आहे.  रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती तेव्हा वाट बैलगाडीचीच होती. गाडीच्या चाकात कण्याभोवती तुंबा झिजतो आणि चाक डुगडुगतं, तेव्हा सुतार सगळं चाक फेकत नाही. तुंब्याचं भोक साफ करून त्यात लोखंडी कडं बसवतो, वंगण घालतो आणि गाडी रस्त्याला लावतो. ब्लॉकमध्ये लायनर ठोकणारा मिस्त्री तेच करतो, फक्त त्याच्या हातात डायल गेज असतं.