प्लॅटिनमची काजळी

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः बदलत नाही, ही व्याख्या मी इंजिनीअरिंगला पाठ केली होती. तिचा दुसरा अर्धा भाग कारखान्यात टिकत नाही, हे कळलं ते पुढे, पेट्रोलचा इतिहास हौसेनं वाचताना.

१९३७ साली यूजेन ऊद्री या फ्रेंच अभियंत्याच्या पद्धतीचा मोठा कारखाना अमेरिकेत मार्कस हूक इथे सुरू झाला. तिथे जड तेलाचे रेणू मातीसारख्या उत्प्रेरकावर तोडून पेट्रोल बनवत. काही मिनिटांतच त्यावर कोकची काजळी धरे. मग हवा सोडून ती जाळून टाकायची. तोवर तेल शेजारच्या भांड्यात.

१९४९ मध्ये व्लादिमीर हेन्सेलची प्लॅटफॉर्मिंग पद्धत आली. तिचं काम पेट्रोलचा ऑक्टेन वाढवण्याचं. त्यासाठी ॲल्युमिनावर प्लॅटिनम पेरलेलं, वजनानं एक टक्क्याहूनही कमी. काम करतात ते फक्त पृष्ठभागावरचे अणू, म्हणून कण नॅनोमीटरच्या मापाचे हवेत. तरच हा महाग धातू परवडतो. (‘नॅनो’ची फॅशन यायला तेव्हा बराच अवकाश होता.) पण इथे काजळी बेफिकिरीनं जाळली, तर उष्णतेनं आणि वाफेनं कण सरकून एकमेकांना चिकटतात. कल्हईसाठी भट्टीवर धरलेलं भांडंच वितळावं, तसं.

यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात हुशारीचा वाटतो. आधी ऑक्सिजन अगदी कमी ठेवून कोक सावकाश जाळायचा. मग सुमारे ५०० अंश सेल्सिअसला ऑक्सिजनसोबत क्लोरीन द्यायचा. क्लोरीनची ख्याती धातू खाण्याची, आणि इथे तेच हवं असतं: गठ्ठ्यातलं प्लॅटिनम संयुगाच्या रूपात सुटतं आणि ॲल्युमिनावर पुन्हा पसरतं. शेवटी हायड्रोजन देऊन त्याचा परत धातू करायचा.

यासाठी सगळं संयंत्र थांबवावं लागे. १९७१ पासून तेही टळलं: उत्प्रेरकाचे बारीक मणी अणुभट्टीतून नव्हे, साध्या अभिक्रियापात्रांतून स्वतःच्या वजनानं खाली सरकतात, भट्टीत ताजे होतात आणि पुन्हा वर जातात. चालू सर्व्हर बंद न करता दुरुस्त करण्यात माझे दिवस जातात, त्यामुळे इथे मला थोडा हेवा वाटला.

ऊद्रीनं उतारवयात गाड्यांच्या धुरासाठी उत्प्रेरक बनवला होता. तो निकामी केला पेट्रोलमधल्या शिशानं. कोक जळून जातो, शिसं जळत नाही. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना असे उत्प्रेरक बसू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी पेट्रोलमधलं शिसंच काढावं लागलं. त्यानं घटलेला ऑक्टेन भरून काढायचा बराचसा भार पडला तो याच प्लॅटिनमच्या मण्यांवर.