नरवृक आणि वाघ्या : मराठी ऐतिहासिक कादंबरीतील एक अनुपस्थिती

मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळाचा विचार करताना इंग्रजीतून काय आले याची नोंद समीक्षेने पुष्कळ केली आहे. जे हाताशी असूनही घेतले गेले नाही, त्याचा विचार मात्र क्वचितच झाला. ऐतिहासिक काळात घडणारी आणि माणसाच्या पशू होण्यावर उभी असलेली प्रेमकथा हे अशा नाकारलेल्या द्रव्याचे एक ठळक उदाहरण होय.

या प्रकाराचा इंग्रजीतील प्रसिद्ध नमुना म्हणजे जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सची 'वॅग्नर द वेअरवुल्फ' ही १८४६-४७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी. तिचा आरंभ १५१६ मध्ये जर्मनीच्या अरण्यात होतो. एकाकी वृद्ध वॅग्नर तारुण्याच्या मोबदल्यात दरमहा एकदा लांडगा होण्याचे मान्य करतो. पुढे फ्लॉरेन्समध्ये निसिदा या उमरावकन्येशी त्याचे प्रेम जुळते. येथे लांडगा आणि प्रेम ही दोन्ही अनावर देहाचीच रूपे आहेत, आणि तीन शतकांपूर्वीचा काळ या अद्भुताला मोकळीक देतो.

रेनॉल्ड्स मराठी लेखकांना अपरिचित नव्हता. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच लंडनविषयक रहस्यकथेच्या आधाराने सिद्ध झाली. परंतु आपट्यांनी त्याच्यापासून नगरजीवनाचे चित्रण घेतले, नरवृक घेतला नाही. १८९० मध्ये ते ऐतिहासिक कादंबरीकडे वळले ते मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीचा आधार घेऊन. हा टेलर निजामाच्या चाकरीत होता आणि १८५३ पासून काही वर्षे आपल्याच भागातील नळदुर्गला त्याचा मुक्काम होता. आपट्यांच्या त्या कादंबरीचे नाव 'म्हैसूरचा वाघ'. येथे वाघ हे पराक्रमाचे बिरुद आहे. माणसाच्या देहात तो शिरत नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) यांच्यापासून तीन प्रवृत्ती कल्पिल्या आहेत. नरवृकाची ऐतिहासिक प्रेमकथा संभवायची तर 'मुक्तामाले'ची अद्भुतरम्यता 'मोचनगडा'च्या इतिहासात उतरायला हवी होती. तसे घडले नाही, याचे कारण लेखकांच्या कल्पनादारिद्र्यात शोधणे अन्यायाचे ठरेल. 'मोचनगड' प्रसिद्ध झाली तेव्हा पेशवाई बुडून अवघी त्रेपन्न वर्षे झाली होती. गतकाळ हे परतंत्र समाजाच्या स्वत्वाचे आश्रयस्थान बनत होते. अशा इतिहासातील नायक अखंड, संयमी आणि विश्वसनीय असणे आवश्यक होते. महिन्यातून एकदा स्वतःवरचा ताबा गमावणारा नायक त्याला परवडणारा नव्हता.

तथापि, मनुष्य आणि पशू यांच्यातील सीमा ओलांडण्याची कल्पना मराठी समाजाला परकी होती, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. नांदेड-लातूर परिसरात घरोघरी जागरणही घातले जाते. त्यातील वाघ्या नावाने वाघ आहे, भंडाऱ्यासाठी पूर्वी व्याघ्रचर्माची पिशवी बाळगत असे; आणि विधीत तो खंडोबाचा कुत्रा होऊन भुंकतो, कोटंब्यातले अन्न खातो. रा. चिं. ढेरे यांच्या 'खंडोबा' (१९६१) या ग्रंथाने आणि पुढे गुंथर सोन्थायमर यांच्या संशोधनाने या परंपरेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

वॅग्नरचे पशुत्व हा एकट्याने केलेला, लपवावा लागणारा सौदा आहे. वाघ्याचे पशुत्व हा सर्वांसमक्ष पाळला जाणारा नवस आहे. तेथे शाप, येथे सेवा. या परंपरेतही प्रेमकथा आहे : म्हाळसेचा पती असलेला देव धनगराच्या बाणाईसाठी तिच्या घरी चाकरी करतो. म्हणजे प्रेम, पशुत्व आणि गतकाळ हे तिन्ही घटक येथे एकत्र नांदत होते. फक्त ते छापील कादंबरीबाहेर, निरक्षर गायकांच्या कंठात होते.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. देवाशी लग्न लावून सोडलेल्या मुरळीच्या वाट्याला आलेले आयुष्य लक्षात घेतले, म्हणजे हा नवस कोणाच्या देहाने फेडला गेला हे कळते. तिची कहाणी ना अद्भुतरम्य कादंबरीच्या सोयीची होती, ना ऐतिहासिक कादंबरीच्या. म्हणून नरवृकाची अनुपस्थिती हा केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा विषय राहत नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीने गड, तलवारी आणि कुलशील सांभाळताना कोणती माणसे इतिहासाबाहेर ठेवली, याचा शोध तिच्यापासून सुरू व्हायला हवा.