गॅल्व्हानीचा पराभव

विज्ञानातील वाद कोणी जिंकला, हे आपण पुष्कळदा त्यातून कोणते उपकरण निपजले यावरून ठरवतो. लुइजी गॅल्व्हानी आणि अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या वादाचे तसेच झाले. त्यातून विद्युतघट जन्माला आला. सबब व्होल्टा जिंकला, असे मानण्याचा प्रघात पडला. हा निकाल तपासून पाहण्याजोगा आहे.

गॅल्व्हानी हा बोलोन्याचा शरीररचनाशास्त्रज्ञ. १७८० च्या दशकात त्याच्या मेजावर सोललेला बेडूक होता आणि काही अंतरावर घर्षणाने विद्युत निर्माण करणारे यंत्र. सहाय्यकाने शस्त्राचे टोक बेडकाच्या चेतातंतूला लावले, त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली आणि मेलेल्या बेडकाचा पाय आखडला. दोहोंना जोडणारी तार नव्हती. गॅल्व्हानीने प्रयोग पुन्हापुन्हा केला. शस्त्राची हाडाची मूठ धरली तर पाय स्थिर राही. बोटे धातूच्या पात्याला लागली की तो हले. पुढे त्याने घराच्या छपरावर तार उभारून तिला बेडकाचे पाय जोडले. वीज चमकली की तेही आखडत. हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या त्या १८८८ साली. त्याच्या शतकभर आधी एका मृत प्राण्याच्या ऊतीने दूरच्या विद्युतक्षेत्रातला बदल टिपला होता.

मग १७८६ मध्ये पितळी आकड्यांना अडकवलेले बेडूक लोखंडी कठड्याला टेकताच, आकाश निरभ्र असतानाही, पाय हलले. विद्युत प्राण्याच्या देहातच आहे, असा निष्कर्ष काढून गॅल्व्हानीने १७९१ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. पाव्हियाच्या व्होल्टाने आरंभी त्याची वाखाणणी केली आणि नंतर त्यावर आक्षेप घेतला: विद्युत उपजते ती दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून, बेडूक केवळ तिची खूण दाखवतो. याला उत्तर म्हणून १७९४ मध्ये गॅल्व्हानीने धातू वगळूनच प्रयोग केला. चेतातंतू थेट स्नायूला टेकवला, तरी पाय आखडला.

परंतु १७९८ मध्ये नेपोलियनने स्थापलेल्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्यास त्याने नकार दिला, त्यात त्याचे अध्यापकपद गेले आणि डिसेंबरात तो वारला. व्होल्टाचा घट जगापुढे आला तो १८०० साली. त्याला उत्तर द्यायला स्वतः गॅल्व्हानी उरला नव्हता.

कठड्याच्या प्रयोगापुरते व्होल्टाचे म्हणणे खरे होते. धातूविना झालेल्या प्रयोगात गॅल्व्हानीचे. १८४० च्या दशकात द्यु ब्वा-रेमोंने चेतातंतूतील विद्युतप्रवाह मोजला आणि १९५२ मध्ये हॉजकिन व हक्सली यांनी त्याची उपपत्ती मांडली. चेतापेशीच्या पटलाच्या आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक विश्रांतीतही असतो. बाहेरच्या क्षेत्राने तो पुरेसा ढळला की पटलातील वाटा उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि संवेदना पुढे धावते. ठिणगी केवळ निमित्त होते. साठा पेशीचा स्वतःचा. विद्युत बाहेरची की आतली, हा दोघांनी लढवलेला प्रश्नच अपुरा होता. देहात विद्युत आहे म्हणूनच तो बाहेरच्या विद्युतेला प्रतिसाद देतो.

आज व्होल्टाचे नाव घरातल्या प्रत्येक दिव्यावर असते. गॅल्व्हानीचे आपल्याकडे उरले ते बहुतकरून छपराच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यात. इस्पितळात हृदयाचा आलेख काढतात तेव्हा कागदावर उमटणारी रेषा मात्र गॅल्व्हानीच्या बाजूने साक्ष देत असते.